हाकेला ओ

१

गुरुवारी आमच्या गल्लीत ऐकण्यासारखं काही नसतं, म्हणून मी गुरुवारीच गातो.

बाकीचे दिवस खालच्या गाळ्यात लेथ चालतो, समोर पत्रा कापतात आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला हातोड्याशिवाय करमत नाही. तळवड्यात घर घेतलंय तर हे चालायचंच. पण गुरुवारी सगळ्या वर्कशॉपांना सुट्टी असते, चाकणला माझ्या कंपनीलाही असते. मी क्वालिटीत आहे. पार्ट हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, नाही बसला तर लाल पेटीत टाकायचा, हे माझं काम. माझी बायको योगिनी म्हणते, की ही खोड मी घरीही घेऊन येतो आणि पोळीलासुद्धा गेज लावतो. खोटं नाही ते.

गाणी कसली गातो, तर बैलांची. हसू नका. आम्ही मूळचे उदगीरकडचे, तिकडे हे एवढं नव्हतं. इकडे मात्र बैलगाडा शर्यतीत पळणाऱ्या बैलाचा थाट नवरदेवापेक्षा जास्त. मालकाला आपल्या बैलावर गाणं हवं असतं, आणि ते शर्यतीच्या घाटात भोंग्यावर वाजलं पाहिजे. मी लिहितो, पेटी वाजवतो, गातो आणि घरच्या घरी रेकॉर्ड करतो.

चाकणपलीकडच्या दादासाहेबांना त्यांच्या हिऱ्या नावाच्या बैलावर गाणं करून पाठवलं. 'हिऱ्या सुटला घाटात, धुरळा गेला ढगात.' त्यांचा फोन आला.

"ज्योतीराम, गाणं नंबर एक हाय. पर मागं काय चालू हाय? पिठाची गिरणी?"

"दादासाहेब, तो कॉम्प्युटरचा पंखा आहे."

"आमचा हिऱ्या काय गिरणीत पळत न्हाई. ते तेवढं काढा आन मग यात्रेत वाजवू."

कॉम्प्युटर माझा जुना, आमच्या लग्नापेक्षा जुना. मित्र गणराज आयटी पार्कात मशीन दुरुस्तीला आहे. त्यांच्या ऑफिसने मोडीत काढलेला हा डबा त्याने माझ्या गळ्यात मारला. चालू केला, की दम्याच्या पेशंटसारखा धापा टाकतो. तरी माझा जीव त्याच्यावर. नवीन घे म्हणणाऱ्यांना मी सांगतो, जुनं ते सोनं, आणि विषय संपवतो.

२

गणराजला विचारलं. तो म्हणाला, "राव, नवीन घ्यायचं नसेल, तर जुन्याला शिस्त लाव."

मग पुढच्या गुरुवारी मी शिस्त लावली. डबा गॅलरीत नेला आणि लांब वायर खोलीत घेतली. मशीनमधले नको ते प्रोग्राम काढून टाकले, म्हणजे गाता गाता आवाज तुटणार नाही. भिंतीवर योगिनीच्या माहेरच्या गोधड्या टांगल्या, माईकखाली टॉवेलची घडी ठेवली. फ्रिज बंद, पंखा बंद. खोली एवढी गप्प झाली, की मला माझ्याच गिळण्याचा आवाज यायला लागला.

शेवटचं काम होतं गोंगाटाच्या नमुन्याचं. तुम्ही काहीही न बोलता खोली थोडा वेळ रेकॉर्ड करायची. जे काही वाजतं, ते वाजू द्यायचं. मग तो तुकडा प्रोग्रामला दाखवून सांगायचं, की हा नमुना ओळखून ठेव, आणि पुढे जिथे जिथे हे ऐकशील, तिथे तिथे काढून टाक. नमुना म्हटल्यावर मी खूशच. माझं पोटच नमुन्यांवर चालतं.

"हलू नको हं," मी योगिनीला म्हणालो. ती स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. तिने मान हलवली. मी बटण दाबलं, डोळे मिटले, शांतता घेतली आणि थांबवलं. पडद्यावर सरळ रेघ आली होती. मधे एक बारीकसा उंचवटा होता. फ्रिज असेल म्हणून सोडून दिलं. फ्रिज मीच बंद केला होता, हे तेव्हा सुचलं नाही.

मग गाणं गायलो, प्रोग्राम चालवला आणि हेडफोन लावला. काय सांगू! पेटीचा एकेक सूर धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. गिरणी गेली, पंखा गेला. नुसता माझा आवाज आणि त्यामागे काहीच नाही. दादासाहेब फोनवर म्हणाले, "आता हिऱ्या पळला." मी हवेत होतो.

३

पहिली तक्रार केली सरुबाईंनी. सरुबाई आमच्या घरमालकीण, मूळ गावच्या. गुडघे दुखत असूनही त्या जिना चढून आल्या आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आरं ज्योतीराम, तुला कान हायत का नुसती भोकं? तुझी बायकू कवाधरनं अहो, अहो करून वरडतीया. खाली मला ऐकू येतंय, आन तू हितंच बसलायस व्हय?"

मी माईकपाशी बसलो होतो. हेडफोन गळ्यात होता, कानात नव्हता. मला कोणीही हाक मारलेली नव्हती.

आत गेलो, तर योगिनी नळाखाली हात धरून उभी. कुकरची वाफ मनगटावर आली होती, कातडी लाल झाली होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"किती हाका मारू? मी मेले तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मलम लावलं. मनात म्हटलं, कान गेले. पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडीत क्वालिटीवाल्यांचेही कान जातात, कंपनी त्यासाठी तपासणी ठेवते. मी कंपनीच्या डॉक्टरांकडून मुद्दाम पुन्हा तपासून घेतलं. बारीक शिट्ट्यासुद्धा मला ऐकू आल्या.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "बायकोची हाक ऐकू येत नाही ही तक्रार निम्म्या कंपनीची आहे. त्यावर औषध नाही." आणि हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

घरी आम्ही दोघांनी मिळून तपासलं. योगिनीचा राग तोवर उतरला होता. तिला गंमत वाटायला लागली होती. तिला म्हटलं, काहीही बोल. ती म्हणाली, "चहा." ऐकू आलं. "चहा ठेवते." आलं. मग तिचे ओठ हलले, गळ्याची शीर हलली आणि काहीच आलं नाही. मुका सिनेमा.

"आत्ता काय म्हणालीस?"

"चहा ठेवते, असंच म्हटलं की."

"नाही. त्याच्या आधी काय लावलंस?"

"तेच. नेहमीचं."

म्हणजे अहो. ज्या वाक्याला तिने अहो लावलं, ते वाक्य अख्खं जात होतं. आणि आमच्या घरात अहो नसलेलं वाक्य शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. लग्न झाल्यापासून तिने मला दुसऱ्या कशाने हाक मारलेली नाही.

"मग नावाने हाक मार," मी म्हणालो.

"काहीतरीच. उदगीरला कळलं तर?" मग तोंडावर पदर धरून, लाजून, हळूच म्हणाली, "ज्योतीराम." खणखणीत ऐकू आलं. आम्ही दोघंही शाळेतल्या पोरांसारखे हसलो. पण सवय ती सवय. दिवस मावळायच्या आत ती पुन्हा अहोवर आली, आणि मी पुन्हा तिच्या ओठांकडे बघत राहिलो.

मंडईत मी मुद्दाम उभा राहिलो. "अहो दादा, ताजी मेथी बघा," भाजीवाली म्हणाली. स्वच्छ ऐकू आलं. जगातल्या सगळ्या बायकांचं अहो मला ऐकू येत होतं. फक्त एकीचं येत नव्हतं.

४

तो उंचवटा आठवला तेव्हा मी कंपनीत हातात गेज धरून उभा होतो. माझ्या हातून एक चांगला पार्ट लाल पेटीत पडला.

घरी आलो, कॉम्प्युटर लावला आणि शांततेचा तो नमुना उघडून कानात घातला. आधी नुसती खोली. गॅलरीतून येणारी डब्याची बारीक धाप. आणि मग मेथीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज, आणि योगिनी, हळू, अगदी सहज:

"अहो."

तिला गप्प बस म्हटलं होतं, तरी ती बोलली होती. काही विचारायचं असेल. आणि मी तिथेच, तिच्यापासून हातभर अंतरावर, डोळे मिटून बसलेलो, आणि ते मला ऐकूच आलं नव्हतं. तेव्हा प्रोग्राम चाललासुद्धा नव्हता! भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येत नाही, तसं. मी तिच्या हाकेला शांतता समजलो आणि मशीनला सांगितलं, की हे काढून टाक.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि ऐकू न येणं वेगळं. मी गणराजला फोन केला.

"भावा, प्रोग्राम फाईलमधून आवाज काढतो, माणसाच्या कानातून नाही," तो म्हणाला. "तू ओव्हरटाइम कमी कर."

बरोबर होतं त्याचं. मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं.

"आणि काढलेला आवाज जातो कुठे?" मी विचारलं.

"कुठे जाणार? हवा असेल तर ऐक. त्यात तशी सोय असते. उरलेलं ऐकायच्या ऐवजी काढलेलंच ऐकायचं, म्हणजे चुकून चांगलं काही गेलं का ते कळतं. तुमच्या लाल पेटीसारखं."

मी ती सोय त्या नमुन्यावरच लावली आणि काढलेला भाग ऐकला. घरघर, खरखर, गोधडीची सळसळ. मग अहो. मग, त्या अहोच्या मागोमाग, कोणीतरी ओ दिली.

"ओ."

बेताची, तोंडात घास असल्यासारखी. मी देतो तशी.

मी पुन्हा लावलं. पुन्हा ओ. मूळ नमुन्यात जाऊन शोधली, तर तिथे नुसतं अहो होतं आणि पुढे शांतता. मी तेव्हा बोललो असतो, तर लगेच थांबवून परत रेकॉर्ड केलं असतं. तेवढा मी काटेकोर आहे. जी ओ घालण्यात आलीच नव्हती, ती काढण्यात कशी आली? हे गणित मी वेगवेगळ्या बाजूंनी मांडून बघितलं. एकदाही सुटलं नाही.

५

मला वाटलं होतं, आता रोज भांडणं होतील. झाली नाहीत. योगिनी खुलली.

"हल्ली बरे लगेच ओ देता," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "असं पूर्वी कधी केलं नाहीत."

त्या आठवड्यात मी तिच्या एकाही हाकेला ओ दिलेली नव्हती. दिली असती कुठून?

नंतर मी लक्ष ठेवायला लागलो. ती मला हाक मारायची, म्हणजे ओठ हलायचे. मग किंचित थांबायची, हसायची आणि बोलायला लागायची. बघायची माझ्याकडेच, पण जरा बाजूला, खांद्याच्या पलीकडे. मी वळून बघायचो. मागे गोधडी. सरुबाई जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "आता कसं! आता बोलतोस की बायकूशी. समदं ऐकू येतंया खाली." मी विचारलं, मी काय बोलतो? त्या माझ्याकडे बघून हसल्या. "नवराबायकूचं मी कशाला सांगू?"

मला हेवा वाटला. वेड्यासारखं आहे, पण भीतीच्या आधी हेवा वाटला.

आणखी एक गोष्ट. मी तिच्याशी बोलायला लागलो, की ती कपाळाला आठी घालायची. एकदा मी तिला मनगटाचं कसं आहे ते विचारत होतो, तर मधेच उठून तिने पंखा बंद केला. पंख्याकडे बघत राहिली आणि परत चालू केला. "बेअरिंग गेलंय वाटतं," ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं, "योगिनी, हात कसा आहे?" तिने फ्रिजला कान लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या गेटबाहेर येऊन तिला फोन लावला. म्हटलं, फोनवर तरी सरळ बोलणं होईल.

"हॅलो?" ती म्हणाली.

"मी बोलतोय."

"हॅलो? कोण? नुसती खरखर येतेय." मग तिने फोन तोंडापासून लांब धरला असावा, आवाज बारीक झाला. ती घरातल्या कोणाशी तरी बोलत होती. "तुमचाच नंबर आहे हा. मोबाईल कंपनीत विसरून आलात की काय?"

कोणीतरी काहीतरी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत. ती हसली आणि फोन ठेवला.

६

सुपरवायझरला काय सांगून निघालो, ते आठवत नाही. चाकण रस्त्याला कंटेनरांची रांग लागली होती, मी बाईक कडेच्या मातीतून काढली. ऊन चांगलं रणरणत होतं. सगळं जिथल्या तिथे होतं, टपऱ्या, माणसं, इंद्रायणीचा पूल, आणि मला मात्र हेल्मेटच्या आत एकसारखं वाटत होतं, की मी घरी आधीच पोचलोय.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार अर्धं लावलेलं, आतून चहाचा वास.

आधी कॉम्प्युटर, मी ठरवलं होतं. नमुना उघडला, पुसला, पडद्यावरच्या कचरापेटीतूनही काढला. गाणी पुसली. हिऱ्याचं, बाकीच्या बैलांची, सगळी. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून गॅलरीत जाऊन डब्याची वायर बोर्डातून उपटली. पंखा फिरत फिरत थांबला. योगायोगाने खालचा लेथही तेव्हाच थांबला, चहाची वेळ झाली असावी. घर पार गप्प झालं.

आणि मला ऐकू आलं.

"अहो!"

स्वयंपाकघरातून. स्पष्ट, मोठ्याने, शेवटचा ओ जरा लांबवून, ती नेहमी लांबवते तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी साधी हाक, आणि ती ऐकायला मी आयुष्यात प्रथमच थांबलो होतो. गॅलरीतून आत आलो, तोंड उघडलं.

"ओ," आतून आवाज आला.

माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

"चहा घ्या. निवेल," योगिनी म्हणाली.

मी दाराच्या फटीशी गेलो. ओट्याशी ती पाठमोरी होती, वेणी नुकतीच घातलेली. ती वळली आणि तिने कपबशी पुढे केली, दाराआड, मला दिसत नव्हतं त्या बाजूला. तिथून एक हात आला आणि त्याने कपबशी घेतली. कोपरापर्यंतच दिसला. कंपनीच्या शर्टाची बाही होती, वर दुमडलेली.

"योगिनी," मी म्हणालो. मग ओरडलो. "योगिनी! अगं, मी इथे आहे! इकडे बघ!"

तिने कपाळाला आठी घातली. नजर फटीवरून, माझ्यावरून, फिरून गेली आणि छताच्या पंख्यावर थांबली.

"ते परत सुरू झालं बघा बाहेर," ती म्हणाली. "डोकं उठवलंय नुसतं. दिवसभर गूं गूं गूं. तुम्ही जुनी मशीनं आणून ठेवता आणि सहन मी करायचं. बंद करा बरं ते एकदाचं."

"योगिनी, मी बोलतोय गं!"

"बघा, वाढलं."

आत कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"करतो बंद," तो म्हणाला, आणि खुर्ची मागे सरकली.